आत्याबरोबर पाहिलेला गुप्तहेर

ते काम मला मिळालं तेव्हा मी घरात कुणाला फारसं सांगितलं नाही. परदेशातली एक मालिका होती, एका खासगी गुप्तहेराची. तिचे संवाद इंग्रजीत माझ्याकडे यायचे आणि मी ते मराठीत लिहायचे, पडद्याच्या तळाशी जी अक्षरं दिसतात ना, ती. कंपनी मुंबईची. मी इंदूरची आहे हे त्यांनी अर्जात वाचलं असेल, पण त्यावर काही विचारलं नाही. एक लहानशी परीक्षा घेतली आणि मी पास झाले. नवरा बँकेत आणि मुलगी कॉलेजात गेली की मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी मला एकाएकी वाटायला लागलं होतं की आपल्यालाही काहीतरी येतं.

पहिला भाग लिहून पाठवला. चार दिवसांनी परत आला तो लाल खुणांनी भरून. ‘तो माझा पीछा करतोय’ असं मी लिहिलं होतं, त्यापुढे शेरा होता: हिंदी. ‘मला तुझ्यावर शक आहे.’ हिंदी. ‘झूठ नको बोलू.’ हिंदी. पानापानावर तेच. आणि सगळ्यात शेवटी, काम तपासणाऱ्या बाईंनी सभ्यपणे विचारलं होतं, “आपली मातृभाषा मराठीच आहे ना?”

आधी राग आला. मग लाज वाटली, आणि ती जास्त टिकली. आमच्या घरात असंच बोलतात. बाबा म्हणतात, “मला शक येऊन राह्यला, दूधवाला पाणी मिळवतो.” आई असती तर तीही तेच म्हणाली असती. आमच्या पणजोबांना कचेरीत नोकरी लागली म्हणून ते इकडे आले, त्यानंतर आम्ही इकडचेच. जे बोलत आलो तीच मराठी समजून बोलत आलो.

अख्ख्या शहरात माझ्या ओळखीचं एकच माणूस असं होतं की ज्याच्या मराठीवर कुणाला लाल खूण करता आली नसती. आत्या. बाबांची मोठी बहीण, वय चौऱ्याहत्तर, लग्न केलेलं नाही. मराठी शाळेत तिनं बत्तीस वर्षं शिकवलं. पुढे मुलंच येईनाशी झाली आणि शाळा बंद पडली, पण आत्या तोवर निवृत्त झाली होती. शहराच्या जुनी इंदूर भागात, आजोबांच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ती एकटी राहायची. खाली बांगड्यांचं दुकान. तिच्याकडे मी सणावारी जायचे, फराळ देऊन, अर्धा तास बसून परत यायचे. त्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले तर तिला वाटलं, मी तिला कुठला तरी फॉर्म भरून द्यायला आले.

मी तिला लाल खुणा दाखवल्या. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. शाळेत पेपर तपासायची तशी, ओठ मिटून.

“बाई बरोबर म्हणतायत,” ती म्हणाली.

“आत्या, अगं पण अपन असंच बोलतो ना.”

“बोलतो. लिहीत नाही.” मग चष्मा काढून म्हणाली, “पण मला आधी चित्र दाखव. कोण कुणाच्या मागे चाललंय ते पाहिल्याशिवाय शब्द कसा सांगू?”

अशी आमची दुपार सुरू झाली.

मालिकेतला गुप्तहेर हा आत्याच्या कल्पनेतला गुप्तहेर नव्हता. पन्नाशीचा, जाडा, गुडघे धरून जिने चढणारा. आधी पोस्टात होता. थंड बंदराच्या एका गावात धोब्याच्या दुकानावर त्याची खोली होती. मालिकेत खून फारसे नव्हतेच. त्याच्याकडे लोक यायचे ते हरवलेलं माणूस शोधून द्या म्हणून. कुणाचा भाऊ, कुणाची बायको, एका भागात तर एका म्हातारीला तिची जुनी भाडेकरीण हवी होती. दर भागात एक माणूस हरवलेलं असायचं आणि शेवटी ते सापडायचं, जिवंत किंवा मेलेलं, किंवा सापडायला नको होतं अशा जागी.

तो बाकावर बसून उकडलेली अंडी खायचा आणि टरफलं तिथेच टाकायचा. आत्याला त्याचं ते पटायचं नाही. “एवढा शिकलेला माणूस,” ती पुटपुटायची. पण मी पुढे सरकवायला गेले की, “थांब, खाऊ दे त्याला,” म्हणायची.

‘पीछा’चं काय करायचं ते तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. “इथे तो माणूस समोर आहे, हा त्याच्यावर नजर ठेवून आहे. म्हणजे पाळत. पाळत ठेवतोय. आणि माणूस निघून गेला, आता तो कुठे गेला हे हा शोधतोय, तो माग. माग काढतोय. पाळत असलेल्याची, माग गेलेल्याचा.” मी वहीत लिहून घेतलं. शक म्हणजे संशय हे मला ठाऊक होतं, जिभेवर येत नव्हतं इतकंच. पण सुगावा, धागादोरा, बनाव, कबुली, उलटतपासणी, हे शब्द तिनं एकेक करून काढून दिले आणि मी ते घेत गेले. लहानपणी तिच्या कपाटातून ती मला श्रीखंडाच्या गोळ्या द्यायची, मोजून दोन. तसं काहीसं वाटायचं.

दुसरा भाग गेला तो कमी लाल होऊन आला. तिसऱ्याला मुंबईच्या बाईंनी लिहिलं, “छान.” मी तो शब्द आत्याला दाखवला. त्या दिवशी चहाबरोबर तिनं शेव काढली.

मंगळवार आणि शुक्रवार ठरून गेले. मी दोनला पोचायचे, पाचला निघायचे. खिडकीला जुनी चादर बांधून अंधार करायचो, लॅपटॉप स्टुलावर, आम्ही दोघी पलंगावर भिंतीला टेकून. एक वाक्य झालं की मी थांबवायचे, आत्या डोळे मिटून शब्द शोधायची, मी टाइप करायचे. पन्नास मिनिटांचा भाग पाहायला तीन-तीन दिवस लागायचे. आईनंतर कुणाच्या इतकी जवळ मी बसले नव्हते. तेव्हा हे लक्षात आलं नाही. तेव्हा लक्ष कामाकडे होतं.

सहाव्या भागात एक बाई त्या गुप्तहेराकडे येते आणि म्हणते, माझी मैत्रीण शोधून द्या. तो विचारतो, ती कधी हरवली? बाई म्हणते, ती हरवली नाही, मी तिला जाऊ दिलं.

मी थांबवलं. “आत्या, ‘जाऊ दिलं’ चालेल?”

मी वळून पाहिलं तर आत्या डोळे मिटून बसली होती, पण शब्द शोधताना मिटते तसे नव्हेत.

“चालेल,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हे असले लोक खरंच असतात का गं? शोधून देणारे?”

“असतात की. पेपरात जाहिराती येतात. तुला कुणाला शोधायचंय?” मी हसत विचारलं.

तिनं त्या दुपारी सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनाही ठाऊक नव्हतं.

शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आत्याबरोबर एक मुलगी होती. महूहून यायची रोज, छोट्या लाइनच्या, मीटरगेज गाडीनं. वडील रेल्वेत कारकून, मराठी कुटुंब. दोघी दोन वर्षं एका बाकावर बसल्या, एका डब्यात जेवल्या. गणितात आत्या कच्ची, ती पक्की. पुढे दोघींनी एकाच शाळेत लागायचं आणि स्टेशनाजवळ एक खोली घेऊन राहायचं असं ठरवलं होतं. “तशी खोली कुणी दिली नसती,” आत्या म्हणाली, “पण आम्ही पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता.”

मग त्या मुलीचं एका फौजेतल्या मुलाशी जमलं. हिंदी बोलणाऱ्या घरातला, जातीबाहेरचा. घरी मारझोड झाली. एका दुपारी ती एक पिशवी घेऊन महूहून निघाली ती थेट जुनी इंदूरला आली. दुसऱ्या दिवशी लग्न होतं, एक रात्र तिला कुठेतरी राहायचं होतं.

“मी ह्याच खिडकीत होते,” आत्या म्हणाली. “गल्लीच्या तोंडाशी ती दिसली. मला सगळं कळलं. आई खाली होती. मी आईला म्हटलं, सांग मी घरी नाही. आईनं सांगितलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली.”

“का पण?”

“घाबरले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगतेय.” आत्यानं चादरीची गाठ सोडली, खोलीत ऊन आलं. “खरं म्हणजे राग आला होता. ती मला सोडून चालली होती ना.”

त्या दिवशी पुढे काम झालं नाही.

आपण शोधू या, असं मीच म्हणाले. मला वाटलं, निदान करून तरी पाहू. आत्या आठवडाभर नाही म्हणत राहिली. मग एका मंगळवारी मी गेले तर ती चांगली साडी नेसून, छत्री घेऊन तयार होती. “चल महूला. आज ते चित्र राहू दे.”

मी गाडी काढली. वाटेत मी तिला गुप्तहेराच्या पद्धती सांगत होते. शेजारी, दुकानदार, शाळा, मग फौजेच्या कचेऱ्या. मी वहीसुद्धा घेतली होती. महिने लागतील अशी माझी खात्री होती, आणि खोटं कशाला बोलू, ते महिने मला हवेही होते.

महूत ती गल्ली आत्याला सापडली, घर नाही. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. पण समोरची बेकरी जुनीच होती. गल्ल्यावर ऐंशीच्या आसपासचे एक गृहस्थ बसले होते, स्वेटर घालून. आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली आणि छत्रीची मूठच फिरवत राहिली. शेवटी मीच विचारलं, सामने जो रेलवेवाले बाबूजी रहते थे, उनकी बेटी...

“फौजी से शादी हुई थी, वो?” ते म्हणाले. “वो तो मानपुर में है. पती के रिटायर होने के बाद से वहीं है. वो बेचारे तो गुज़र गए. हाइवे पर पार्ट्स की दुकान है, उसके पीछे मकान. दो-तीन महीने में एक बार आती है, टोस्ट ले जाती है.” मग त्यांनी कागदाच्या पिशवीवर मला रस्ता काढून दाखवला.

बस्स. एवढंच. गाडीतून उतरून आम्हाला अर्धा तासही झाला नव्हता.

मी खुशीत वळले. आत्या बेकरीच्या पायरीवर बसली होती. चेहरा पार उतरलेला.

“आत्या, सापडली! मानपुर म्हणजे इथून पुढे अर्धा-पाऊण तास. चल, आत्ताच जाऊ.”

“एवढंच होतं?” ती म्हणाली.

मला कळलं नाही.

“इतकं सोपं होतं?” ती पुन्हा म्हणाली. “मला वाटायचं ती कुठे आसामला, काश्मीरला, कुठे शोधणार. आणि ती इथे. टोस्ट घ्यायला येते. मी कधीही येऊन विचारलं असतं तर...” मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. बेकरीवाल्यांनी न मागता पाणी पाठवलं. मालिकेत हे कधी दाखवत नाहीत. तिथे माणूस सापडायला वेळ लागतो, म्हणून शोधणाऱ्याला बरं वाटतं.

त्या दिवशी आम्ही मानपुरला गेलो नाही. “घरी ने मला,” ती म्हणाली. पुढचे दोन आठवडे आम्ही काम केलं, पण ती शब्दांपुरतंच बोलायची. पिशवीवरचा तो नकाशा तिनं शब्दकोशात ठेवला होता. शब्दकोश उघडला की तो दिसायचा, ती तो उचलून दुसऱ्या पानात ठेवायची.

तो सहावा भागच शेवटचा होता. तो संपताना गुप्तहेर त्या बाईला चिठ्ठीवर मैत्रिणीचा पत्ता लिहून देतो, कोट घालतो आणि जिना उतरून जातो. बाई हातात चिठ्ठी घेऊन उभी. मालिकेचा पहिला सीझन तिथे संपला.

आत्या भडकली. “हे काय? आता हिनं काय करायचं? ह्याचं काम संपलं आणि हा चालला अंडी खायला!” मग माझ्याकडे बघून, त्याच रागात, “उद्या सुट्टी आहे का तुला?”

मानपुरला दुकानापाशी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. ट्रकांची रांग, ग्रीसचा वास. दुकान कुणाला तरी चालवायला दिलेलं होतं. मागे एक अंगण होतं, पेरूचं झाड, आणि एक उंच बाई पत्र्यावर मिरच्या वाळत घालत होती. पाठमोरी. आत्या फाटकाशी थांबली. माझं बोट तिनं घट्ट धरलं होतं.

“कौन?” त्या बाईंनी न वळता विचारलं.

“मी,” आत्या म्हणाली. “जुनी इंदूरची.”

त्या वळल्या. हात तिखटाचे म्हणून अंगापासून दूर धरलेले. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मला वाटलं ओळखलंच नाही.

“धूप में काहे खड़ी है,” त्या म्हणाल्या. “अंदर आ.”

आत गेल्यावर आत्या बसली नाही. गाडीत ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती ते मी पाहिलं होतं. आता तिनं ते म्हटलं. शुद्ध मराठीत, शाळेतल्या भाषणासारखं. “त्या दिवशी मी घरी होते. आई खोटं बोलली, माझ्या सांगण्यावरून. मी तुझी क्षमा मागायला आले आहे.”

त्या बाईंनी हात धुतले, पदराला पुसले. “पता है. तू ऊपर थी. परदे के पीछे तेरी चोटी दिख रही थी.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“आवाज़ देती तो तुझे नीचे आना पड़ता,” त्या म्हणाल्या. “फिर तेरी माँ तुझे घर में रखती क्या?”

आत्या तेव्हा बसली. खुर्ची आहे की नाही हे न बघता बसली, मीच खुर्ची मागे सरकवली. मग ती रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. त्या बाई शेजारी उभ्या राहून तिच्या पाठीवरून ओला हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, “बस, हो गया. हो गया ना.” मी बाहेर पेरूच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले.

जेवायला मला आत बोलावलं तेव्हा दोघी भांडत होत्या. आत्या मराठीत बोलत होती, त्या हिंदीत, मधूनच इकडच्या मालवी बोलीत. त्यांची मराठी गेली होती. समजत सगळं होतं, पण बोलायला गेल्या की तोंडात हिंदी यायची. “किससे बोलती? पचास साल कोई था ही नहीं,” त्या म्हणाल्या. आत्या त्यांना वाक्य पूर्ण करू देईना. “वरण वाढू? असं म्हण. वा-ढू.” त्या म्हणाल्या, “वाढू.” आणि दोघी इतक्या हसल्या की मला त्यांचं एकवीस-बावीसचं वय दिसलं. मलाही हसू आलं, पण मी हसले ती थोडी उशिरा.

पुढे दर पंधरा दिवसांनी मी तिला मानपुरला नेत होते. मग ती म्हणाली, या वेळी मी चार दिवस राहते. मग पंधरा दिवस. त्यांचा मुलगा दक्षिणेत नोकरीला, वर्षातून एकदा येणारा. दोन खोल्या रिकाम्या. चौथ्या महिन्यात आत्यानं बाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, “मी तिकडेच राहायला जातेय.”

बाबा उडालेच. “ताई, काहीतरीच काय! भाऊ बसलाय इथे आणि तू परक्यांकडे राहणार? लोक काय म्हणतील?”

“तुझ्याकडे मी वर्षात किती दिवस राहते?”

“तो भाग वेगळा.”

“तो भाग वेगळा नाही,” आत्या शांतपणे म्हणाली. “आणि ती परकी नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी बोलले. आजही मला त्याची लाज वाटते. मी म्हणाले, “आत्या, पण माझं काम? दुसरा सीझन येणारे.”

तिनं माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. “फोन आहे ना गं,” ती म्हणाली.

मीच तिला सोडून आले. दोन बॅगा, देवांचा डबा, शब्दकोश. जुनी इंदूरच्या खोल्या बाबांनी खालच्या दुकानदाराला माल ठेवायला दिल्या. आता त्या खिडकीच्या आत पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी दिसते. मी त्या बाजूनं जायचं टाळते, पण मंगळवारी दोनच्या सुमारास बाहेर असले तर गाडी तिकडे वळतेच.

दुसरा सीझन आला. गुप्तहेर आणखी जाडा झालाय. मी जेवणाच्या टेबलाशी बसून पाहते, एकटी. आता मला शब्द येतात. लाल खुणा जवळजवळ येत नाहीत. पण वाक्य झालं की मी अजूनही थांबवते. थांबवायची गरज नसते. शेजारी कुणी डोळे मिटून बसलेलं नसतं, तरी मी तेवढा वेळ थांबते आणि मग टाइप करते.

सुरुवातीला रोज फोन करायचे. उत्तर ठाऊक असलेले प्रश्न विचारायचे. “आत्या, अलिबीला काय म्हणू? गुन्ह्याच्या वेळी तो दुसरीकडेच होता, त्याला?” ती सांगायची, आणि मी जणू पहिल्यांदा ऐकतेय असं “अच्छा!” म्हणायचे. तिला कळत असणार. तिनं मुलांचे खोटे चेहरे बत्तीस वर्षं पाहिले आहेत. कधी मागून आवाज यायचा, “किसका फ़ोन है?” आणि ती म्हणायची, “अगं, भाचीचा.” मग ती घाईत असायची. त्यांचं काहीतरी चाललेलं असायचं, लोणचं, बागेला पाणी, कुणाच्या तरी मुलीला शिकवणं. मानपुरच्या दोन-तीन मुलींना त्या दोघी मिळून गणित आणि मराठी शिकवतात असं कळलं. गणित कोण शिकवतं ते मी विचारलं नाही.

आता आठवड्यातून एकदा करते.

मला आनंद आहे, हे मी अगदी खरं सांगते. तिला इतकं हलकं मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं वजन वाढलंय, ती मोठ्यानं बोलायला लागलीय, तिच्या तोंडात आता “देखते हैं” येतं आणि तिचं तिलाच कळत नाही. एकदा मी टोकलं तर म्हणाली, “असू दे गं, लिहीत कुठे होते?” पण मी तिला शोधायला मदत केली तेव्हा मला हे सुचलं नव्हतं की एकाचं माणूस सापडलं की दुसऱ्याचं कमी होऊ शकतं. मला कुणी सांगितलं असतं तरी मी महूला गाडी नेलीच असती. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलंय. नेलीच असती. फक्त जरा हळू चालवली असती.

मागच्या रविवारी जाऊन आले. दोघींना नव्या सीझनचा पहिला भाग दाखवावा म्हणून लॅपटॉप नेला होता. आम्ही तिघी पलंगावर बसलो, आत्याची मैत्रीण मधे. दहा मिनिटांतच त्या म्हणाल्या, हे तर फार हळू चालतं, आणि आत्याला डुलकी लागली. तिचं डोकं त्यांच्या खांद्यावर कललं. त्यांनी हलकेच खूण केली, बंद कर. मी आवाज बंद केला. खाली माझी अक्षरं तशीच येत-जात राहिली, ती मी शेवटपर्यंत वाचली.

निघताना आत्या फाटकापर्यंत आली. माझ्या हातात पेरूंची पिशवी दिली, केस मागे सारले. घाट चढून आलेले ट्रक एकामागून एक जात होते, म्हणून तिला जरा ओरडून बोलावं लागलं.

“सावकाश जा. आणि ये हं परत, वेळ मिळाला की.”

पाहुण्यांना म्हणतात ते वाक्य. ती किती सहज म्हणाली. मी “हो, येते” म्हटलं, गाडीत बसले आणि ट्रकांमध्ये जागा होण्याची वाट पाहत इंडिकेटर लावून थांबले. आरशात ती अजून उभी होती. मग आतून कुणीतरी हाक मारली असावी, कारण ती वळली आणि भरभर चालत आत गेली.